ब्रेकबाईंचा चढता आकडा

शहराच्या त्या भागात गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी ब्रेकबाईंची बोलणी खाल्लेली होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बाईंचा उजवा पाय वर्षानुवर्षं त्या ब्रेकवर टपून बसलेला असायचा. शिकणाऱ्याला काही कळायच्या आत गाडी जागच्या जागी उभी राहायची आणि बाई शांतपणे विचारायच्या, "समोर काय होतं?" बहुतेकांना ते त्या क्षणी पहिल्यांदा दिसलेलं असायचं.

ड्रायव्हिंग स्कूल मूळचं सासऱ्यांचं. त्यांचा एकुलता एक मुलगा छापखान्यात प्रुफं तपासायचा. त्याला वडिलांनी पहिल्या धड्याला रस्त्यावर काढलं, तेव्हा समोरून दुधाची गाडी आली आणि मुलाने चक्क डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी त्याच दिवशी हात टेकले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पुढे घरात सून आली. ती पंधरवड्यात गाडी शिकली, वर्षभरात शिकवायला लागली आणि सासरे गेल्यावर स्कूलची पाटी तिच्याच नावाने लागली. नवऱ्याने ती पाटी रंगाऱ्याकडून दोनदा बदलून घेतली, कारण 'ड्रायव्हिंग' दोन्ही वेळा चुकीचं लिहिलं होतं. बाई त्यांचा उल्लेख कायम 'आमचे मिस्टर' असा करायच्या, म्हणून विद्यार्थ्यांच्या लेखीही ते मिस्टरच झाले.

बाईंना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, खोडी राहायच्या. क्लचवरचा पाय न उचलणारा एक होता, तो क्लच. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ती पुढे का जात नाही म्हणून गाडीवरच डाफरणारी एक होती, ती न्यूट्रल. शिकून पंधरा-पंधरा वर्षं झालेली माणसंही रस्त्यात भेटली की आपणहून सांगायची, "बाई, मी हॉर्न. ओळखलंत का?"

घराच्या वरच्या मजल्यावर मिस्टरांची थोरली बहीण राहायची. बाई त्यांना वन्सं म्हणायच्या. वन्सं लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावरही त्या फोनपासून हातभर अंतरावरच बसायच्या. ओळखीच्या सगळ्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ. नणंद-भावजयींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. वन्संना वाटायचं, बाई घराकडे बघत नाहीत. बाईंना वाटायचं, वन्सं घराशिवाय दुसरीकडे बघतच नाहीत. भांडण असं कधी पेटलं नाही, पण एकमेकींची चूक सापडली की दोघींचा दिवस बरा जायचा.

बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला तो ही गोष्ट सुरू होण्याच्या सात वर्षं आधी. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले. पुढे पाच वर्षं रोज एक गोळी. बाईंनी ते सगळं घाटातल्या रस्त्यासारखं पार केलं. वळण आलं की गिअर बदलायचा, खाली दरीत बघायचं नाही. केमोच्या दिवसांत वन्सं रोज सकाळी सूप घेऊन खाली यायच्या आणि ते किती अळणी झालंय ते बाईंच्या आधी स्वतःच सांगून टाकायच्या.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे फेरी असायची. डॉक्टर साठीकडे झुकलेले, अंगाने सडपातळ, बोलणं मोजकं. वन्संच्या ओळखीतली एक बाई अशाच आजारातून उठली होती आणि ती दर तीन महिन्यांनी रक्ताची एक खास तपासणी करून घ्यायची. ट्यूमर मार्कर म्हणतात तिला. वन्संनी ऐकलं आणि भावजयीच्या मागे लकडा लावला, की तुझा डॉक्टर ही तपासणी का करत नाही, त्याला माहीत नाही का. एका फेरीला त्या स्वतःच बरोबर गेल्या आणि डॉक्टरांना तोंडावर विचारलं. डॉक्टरांनी न रागावता समजावलं. कॅन्सरच्या पेशी रक्तात एक पदार्थ सोडतात, त्याचं प्रमाण मोजतात, तो हा मार्कर. पण तो दुसऱ्या साध्या कारणांनीही वाढतो आणि कधी आजार असूनही वाढत नाही. काही त्रास नसताना तो सारखा मोजत बसलं, तर माणूस आजाराने नाही, आकड्यानेच अर्धमेला होतो. त्रास सुरू झाला, तर मात्र मी तो नक्की करेन, असं ते म्हणाले. वन्संचं समाधान झालं नाही. पण डॉक्टर खोटं बोलत नाही एवढं त्यांनी घरी येऊन मान्य केलं.

त्रास सुरू झाला तो मांडीत. बाईंचा उजवा पाय वरच्या अंगाला, कमरेच्या सांध्याशी ठसठसायला लागला. बाईंनी दोष सीटला दिला. इतकी वर्षं एका पायाने ब्रेक दाबल्यावर तो पाय कुरकुरणारच, असा त्यांचा हिशेब. सीट बदलून झाली. पाठीला उशी आली. मलमाच्या वासाने गाडी भरून गेली, तेव्हा एका विद्यार्थ्याने भीत भीत काच खाली केली. पायाचं ठसठसणं कमी झालं नाही. दिवसा कामात ते विसरायला व्हायचं, आडवं झालं की जास्त. बाई कोणाला बोलल्या नाहीत. वर जाणं मात्र त्यांनी बंद केलं. वन्संशी काही बोलायचं असलं की जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारायच्या.

वन्संच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्या एक दिवस खाली आल्या, समोर बसल्या आणि बाई खुर्चीतून उठताना टेबलावर हात कसा टेकतात ते बघत राहिल्या.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"मला उलटे प्रश्न विचारू नकोस. विश्रांतीने दुखायचं थांबतं का?"

वन्सं उठल्या, फोनपाशी गेल्या आणि डॉक्टरांचा नंबर फिरवला. बाईंनी अडवलं नाही. अडवण्याइतका जोर आपल्यात नाही, हे त्यांचं त्यांनाच तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी मांडीवर, पाठीच्या कण्यावर, फासळ्यांवर बोटांनी हलके दाबून पाहिलं. एका जागी बाईंचा श्वास अडकला. एक्स-रे सांगितला, आणि रक्ताच्या तपासण्यांमध्ये या वेळी तो मार्करही. रक्त घ्यायला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये क्लच होता. केमोनंतर बाईंची शीर सापडणं म्हणजे गवतात सुई शोधणं. त्यातून ज्या बाजूचं ऑपरेशन झालं त्या हाताला सुई लावायची नाही. एकाच हातावर सगळा भार. क्लच खाली वाकून हातावर टिचक्या मारत बसला.

"बाई, मूठ आवळा."

"मी आवळते. तू पाय उचल," बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले. शीर पहिल्याच खेपेला मिळाली.

आकडा आला तो जितका असायला हवा त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, नुसत्या आकड्यावर मी कोणाला आजारी ठरवत नाही, पण हा आकडा, ही ठसठस आणि एक्स-रेमधली ही सावली, तिघं एकाच बाजूला बोट दाखवताहेत. मग हाडांचा स्कॅन झाला. शिरेत एक औषध सोडून बाईंना काही तास बसवून ठेवलं, भरपूर पाणी प्यायला लावलं आणि एका अरुंद पलंगावर झोपवून मशीन अंगावरून सावकाश फिरवलं. बाईंना ते मशीन फार हळू चालतंय असं वाटलं आणि चालवणाऱ्याला सांगायचा मोह त्यांनी मोठ्या कष्टाने आवरला. पुढच्या आठवड्यात हाडातला एक बारीक तुकडा काढून तोही तपासला.

निकाल ऐकायला तिघंही गेले. बाई, मिस्टर आणि वन्सं. मिस्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि खिशातलं लाल पेन काढलं. रिपोर्टात एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते त्यांनी दुरुस्त केलं, पान उलटलं, आणखी एक चूक शोधायला लागले. वन्सं त्यांना थांबवणार होत्या. बाईंनी खुणेनेच राहू दे म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांना माहीत होतं, हा माणूस चुका शोधत असला की तो रडत नाहीये एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टरांनी स्कॅनवरचे काळे ठिपके दाखवले. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला मोठा, कण्याच्या दोन मणक्यांत लहान, एक फासळीत.

"म्हणजे आता हाडांचा कॅन्सर झाला?" बाईंनी विचारलं.

"नाही. हा तोच आहे, स्तनाचा. तिथून निघून हाडात येऊन राहिलाय. राहायला आला म्हणून त्याची जात बदलत नाही. त्यामुळे औषधही स्तनाच्याच कॅन्सरचं."

"जाईल?"

"मुळासकट जाणार नाही, बाई. आवरता येतो. तुमचा अजूनही हार्मोनवर पोसणारा आहे, ते आपल्या बाजूचं. फुफ्फुसं, यकृत सगळं मोकळं आहे. अशी माणसं माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात आणि मला म्हातारा झालात म्हणून चिडवतात."

बाईंनी चेहरा सरळ ठेवला. अर्ध्या तासात एक विद्यार्थी येणार आहे, त्याची उद्या परीक्षा आहे, एवढंच त्या बोलल्या. डॉक्टरांनी एक्स-रे परत उजेडात धरला. वाळवी लागलेली चौकट जशी बाहेरून उभी दिसते, तसं हे हाड झालंय, ते म्हणाले. एकदा जोरात ब्रेक दाबलात तर मोडेल. आजपासून ब्रेक नाही, क्लच नाही आणि या पायावर भारही नाही.

तिघं पार्किंगमध्ये आले. बाई व्हीलचेअरवर. छतावर स्कूलची पाटी लावलेली गाडी समोर उभी होती, आणि ती बाहेर काढणारं तिथे कोणीच नव्हतं. मिस्टर गाडीकडे बघत राहिले, जणू ती दुधाची गाडी पुन्हा समोर आली आहे. गाडी शिकवण्यावर चालणारं घर, आणि घरी जायला ड्रायव्हर नाही. प्रथम हसल्या त्या बाई. मग वन्सं. मिस्टरांना काय झालं ते उशिरा कळलं आणि ते हसता हसता तोंड फिरवून उभे राहिले.

वन्संनी मोबाईल काढला, नंबर शोधला नाही, सरळ बोटं चालवली. थोड्या वेळात न्यूट्रल हजर झाली. ती आता शाळेची व्हॅन चालवायची. तिने काही विचारलं नाही. बाईंना उचलून आत बसवलं, सीट मागे केली, आणि गाडी इतक्या अलगद बाहेर काढली, की बाईंना आपण निघालोय हे फाटकाशी आल्यावर समजलं. सवयीप्रमाणे त्या शिकवणाऱ्याच्या जागेवर बसल्या होत्या. पहिल्या चौकात त्यांचा उजवा पाय आपोआप उचलला गेला.

"बाई," न्यूट्रल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "पाय खाली ठेवा. मला दिसतंय समोरचं."

पुढचे दिवस एकामागून एक कामाचे. आधी दाताच्या डॉक्टरकडे, कारण हाडं बळकट करायचं जे औषध सलाईनमधून द्यायचं होतं, ते एकदा सुरू झालं की दात काढणं जबड्याला बाधतं. बाईंची एक किडकी दाढ गेली. इतकी वर्षं मी ही दाढ सांभाळली आणि मांडी दुखली म्हणून ती काढली, असं त्या दिवसभर तोंडात बोळा धरून कुरकुरत राहिल्या. मग मांडीच्या हाडात धातूची सळई घातली, ते मोडू नये म्हणून. जखम भरल्यावर दुखऱ्या जागी रेडिएशन. हार्मोनचा पुरवठा तोडणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. केमो या वेळी लागणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाईंनी केसांवरून हात फिरवला आणि मिस्टरांकडे बघितलं.

रेडिएशनला रोज जायचं होतं. टॅक्सी करू, असं मिस्टरांचं मत. वन्संनी ते धुडकावून लावलं. फोन घेऊन त्या दोन दिवस बसल्या, आणि जुने विद्यार्थी रोज एकेक करून दाराशी येऊन उभे राहू लागले. कोणी कामावरून सुट्टी काढून, कोणी दुकान भावावर सोपवून. हॉर्न आला, तो आता मोठा बांधकाम कंत्राटदार झाला होता. आख्ख्या प्रवासात त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही आणि उतरताना त्याचं तोंड घामाने भिजलं होतं. एक आजोबा आले. त्यांना बाईंनी साठीनंतर शिकवलं होतं. ते इतके सावकाश चालले, की शेजारून एक सायकलवाला पुढे निघून गेला आणि त्याने मागे वळून बघितलं. बाईंनी दातावर दात ठेवून ओरडणं आवरलं. खड्डा आला की प्रत्येक जण आधी बाईंकडे बघायचा, मग खड्ड्याकडे. बाई म्हणायच्या, माझ्याकडे काय बघतोस, रस्त्याकडे बघ. आणि म्हणून झालं की त्या काचेतून बाहेर बघत बसायच्या.

आपण या लोकांना आयुष्यभर नुसतं ओरडलो, असं त्यांना वाटायचं. त्यांनी त्यातून काय उचललं ते आपण कधी बघितलंच नव्हतं. प्रत्येक जण वळणाआधी आरसा बघत होता. प्रत्येक जण पायी जाणाऱ्यासाठी थांबत होता.

मिस्टर रोज बरोबर यायचे आणि रेडिएशन विभागाच्या बाकावर वाट बघायचे. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, तिच्यातला अनुस्वार एक अक्षर पुढे सरकला होता. तिसऱ्या दिवशी तो जागेवर आला. कोणी केलं म्हणून नर्सने विचारलं, तेव्हा मिस्टर लाल पेन खिशात खोल ढकलून छताकडे बघत होते. घरी ते बाईंचे मोजे घालून द्यायचे, अंघोळीला स्टूल ठेवायचे, पाठीला पाणी घालायचे. बोलायचे नाहीत. बाईंना पूर्वी त्यांच्या या न बोलण्याचा राग यायचा. आता त्या स्टुलावर बसून डोळे मिटून घ्यायच्या आणि गरम पाणी पाठीवरून उतरताना मनात म्हणायच्या, हे असंच राहू दे.

गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर मार्कर पुन्हा तपासला. क्लचने रक्त घेतलं. निकाल दुपारी फोनवर आला आणि डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. बाई खाली एकट्याच होत्या. त्यांनी आकडा वाचला. आधीच्यापेक्षा वर. थोडाथोडका नाही, चांगलाच वर.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. रडू आलं नाही. सळई, दाढ, रेडिएशन, गोळ्या, रोजच्या त्या गाड्या, सगळं वाया गेलं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. लोकांनी आपल्यासाठी एवढं करावं आणि आपण त्यांना हे दाखवावं, याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी नेहमीप्रमाणे पटकन निर्णय घेतला. गाडी न्यूट्रलला देऊन टाकायची, स्कूल बंद. लोकांना आणखी त्रास द्यायचा नाही. वन्संना सांगायचं, फोन करून सगळ्यांना नको म्हणा. त्या उठल्या आणि सांगायला गेल्या.

वन्सं खिडकीपाशी बसून शर्टाला बटण लावत होत्या. बाई दारात उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. आकडा वाढलाय. औषध लागू पडत नाहीये. गाडी देऊन टाकू. तुम्ही सगळ्यांना फोन करा.

वन्संनी सुई शर्टात खोचली.

"तू वर कशी आलीस?"

"म्हणजे?"

"जिना चढून आलीस ना? कशी आलीस?"

बाईंनी मागे वळून जिन्याकडे बघितलं. कठड्याला धरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. काठी खाली खुर्चीपाशीच राहिली होती. कित्येक महिन्यांत त्या या खोलीत आल्या नव्हत्या. त्यांनी मांडीवर हात ठेवला. ठसठस नव्हती असं नाही, पण ती शोधावी लागत होती.

"दुखलं का चढताना?"

"लक्ष नव्हतं माझं."

"दुखलं असतं तर लक्ष गेलं असतं," वन्सं म्हणाल्या. "बस इथे. मी कोणाला फोन करणार नाही. उद्या तुझ्या त्या कमी बोलणाऱ्या माणसाला विचारू, मग काय तो निकाल लाव. आणि काठीशिवाय परत हिंडलीस तर बघ."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि मग मात्र रडल्या. वन्संनी बटण लावून पुरं केलं, दोरा दाताने तोडला, आणि हातातला शर्टच त्यांच्यापुढे केला, कारण रुमाल जवळ नव्हता. शर्ट मिस्टरांचा होता. संध्याकाळी मिस्टर छापखान्यातून आले, तेव्हा दोघी अजून वरच होत्या. त्यांनी आकडा ऐकला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"अगं, हे प्रूफ आहे," ते म्हणाले. "अजून छापलं कुठे गेलंय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि भुवईसुद्धा हलवली नाही. दुखणं कसं आहे, रात्री झोप लागते का, वेदनेच्या गोळ्या किती लागतात, हे त्यांनी आधी विचारलं. बाईंनी जिन्याची हकिगत सांगितली, ती वन्संनी मध्येच आपल्या ताब्यात घेतली. डॉक्टर पहिल्यांदाच हसताना दिसले. मग त्यांनी सांगितलं, की औषध लागू पडतं तेव्हा कधी कधी सुरुवातीला मार्कर उलटा चढतो. मरणाऱ्या पेशी आपल्यातला माल रक्तात सोडतात, म्हणून. पुढे तो उतरतो. हे तसंच आहे अशी मी आज हमी देत नाही. औषध चालत नसतं तरीही तो चढलाच असता. पण तुमचं दुखणं उतरलंय, आणि दोघांत एकाचंच ऐकायचं असेल, तर मी तुमचं ऐकतो. औषध चालू ठेवू, थांबू, परत तपासू.

थांबणं म्हणजे बाईंचा धंदा. पण त्या महिन्यात त्यांना ते जड गेलं. मिस्टरांनी त्या दिवसांत छापखान्यातून एक जाड शब्दकोश तपासायला घरी आणला आणि बाईंना मोठ्याने शब्द वाचून दाखवायला लावले. बाई वाचायच्या, ते मान हलवायचे. कुठल्या तरी अक्षरापर्यंत पोचले असतील, तेव्हा पुन्हा रक्त द्यायची वेळ आली.

या वेळी बाई लॅबबाहेरच बसून राहिल्या. क्लचने निकाल पाठवला नाही, स्वतः लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, उतरलाय," एवढंच म्हणाला आणि आत पळाला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी उतरला. काही महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये नवीन ठिपका नव्हता आणि मांडीच्या हाडाच्या पोखरलेल्या कडा भरत आल्या होत्या. डॉक्टरांनी चित्र उजेडात धरून दाखवलं. बाईंना त्यातलं फारसं कळलं नाही. पण डॉक्टर ज्या तऱ्हेने ते परत परत बघत होते, त्यावरून कळलं.

स्कूल बंद झालं नाही. न्यूट्रलने सकाळची व्हॅन सोडून आल्यावर दुपारी शिकवायला सुरुवात केली. जादा ब्रेक तिच्याकडे गेला, बाई मागच्या सीटवर आल्या. विद्यार्थ्यांना त्यामुळे दोन जणींची बोलणी खावी लागली. पण परीक्षेत नापास होणारे कमी झाले असं न्यूट्रलचं म्हणणं होतं. वर्षभराने डॉक्टरांनी बाईंना स्वतःपुरती, बिनगिअरची गाडी चालवायला परवानगी दिली.

तीन वर्षं अशी बरी गेली. मग आकडा पुन्हा हळूहळू सरकायला लागला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. या वेळी मांडी गप्प होती, पण स्कॅनमध्ये बरगडीत नवा ठिपका निघाला. डॉक्टरांनी गोळी बदलली. बाई घरी आल्या आणि स्कूलची गाडी धुवायला लागल्या. आमचे मिस्टर एका पुस्तकाची तीन-तीन प्रुफं काढतात, मला दुसरी गोळी लागली तर काय बिघडलं, असं त्या न्यूट्रलला म्हणाल्या. नवी गोळी त्यांना मानवली. थकवा यायचा, तोंड यायचं, एखादा आठवडा वाईट जायचा. आकडा खाली आला आणि तिथे टिकला. आजही टिकून आहे.

गोळी बदलली त्याच वर्षी वन्संच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनची तारीख ठरली, तशी वन्संनी फोनकडे हात नेला. टॅक्सी सांगते, म्हणाल्या. बाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

त्यांनी वन्संना नेलं, ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बसल्या, आणि दुपारी एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या वन्संना हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. वाटेत वन्संनी एका डोळ्याने रस्ता बघत सूचना करायला सुरुवात केली. हळू घे. तो बघ, तो मध्ये येतोय. सिग्नल पडतोय. बाईंनी एकीलाही उत्तर दिलं नाही. नदीच्या पुलाआधी चहाची एक टपरी होती, तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली.

दोघी गाडीतच चहा पीत बसल्या. पाणी उन्हात चमकत होतं, म्हणून वन्संनी उघडा डोळाही मिटला होता.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना फोन लावलात ना, मला न विचारता. बरं केलंत. सांगायचं राहून गेलं होतं."

वन्संनी कपातला चहा संपवला.

"चहात साखर कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि चाचपडत बाईंचा हात शोधून त्यावर आपला हात ठेवला. बाईंनी दुसऱ्या हाताने टपरीवाल्याला खूण केली आणि आणखी दोन कप सांगितले.